मदत हवी आहे: लेकीचं पाणथरीचं ऑपरेशन आहे आणि तिला दुखतंय हे सांगता येत नाही

नमस्कार. आम्ही नागपूरला इंदोऱ्याकडे राहतो. मुलगी ९ वर्षांची, एसएस सिकलसेल (रक्ताचा जन्मजात आजार, लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात). पाचव्या वर्षी लकव्याचा झटका आला. तेव्हापासून उजवा हात कमजोर आहे, बोलणं जवळजवळ गेलं आणि फिटचं औषध सुरू आहे. दर महिन्याला रक्त चढतं.

डिसेंबरात तिची पाणथरी (प्लीहा) काढायची ठरलं आहे. आधी चढवलेलं रक्त महिनाभर पुरायचं, आता पंधरा दिवसांतच हिमोग्लोबिन सहावर येऊन राहिलं. पाणथरी इतकी वाढली की चढवलेलं रक्त तीच खाऊन टाकते, असं डॉक्टर म्हणाले. पोटावर हात ठेवला की बेंबीपर्यंत लागते.

न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी झाल्या. ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी हव्या होत्या, त्या वेळेत जमल्या. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणायचं आहे, फार वर नाही, कारण रक्त घट्ट झालं तरी सिकलच्या पेशी अडकतात. इतक्या वर्षांच्या रक्तामुळे तिच्यात अँटिबॉडी तयार झाल्या आहेत. नुसता गट जुळून भागत नाही, जुळणीलाच दोन दिवस जातात. ते सगळं डॉक्टर नीट बघत आहेत, त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

माझी भीती वेगळी आहे. मागच्या वर्षी एका दवाखान्यात तिला पायाच्या क्रायसिससाठी (पेशी अडकून उठणारं भयंकर दुखणं) भरती केलं होतं. ती दुखलं की रडत नाही. डाव्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट दाबते, छताकडे बघत राहते आणि एकदम गप्प होते. फाईलमध्ये लिहिलं गेलं, ‘मूल शांत आहे’. मी रात्रभर सांगत होते की ही तिची शांतता नाही. दुखण्याचं औषध पहाटे मिळालं. ती रात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता ऑपरेशननंतर आयसीयूत मला किती वेळ आत राहू देतील कोण जाणे. मी नसताना, दर पाळीला बदलणाऱ्या सिस्टरना तिचं दुखणं कसं कळणार? ज्यांच्या लेकरांना बोलता येत नाही त्यांनी काय केलं, ते सांगा.

आणखी एक. पोटाला टाके असले की मूल खोल श्वास घेत नाही, आणि सिकलमध्ये त्यातून छातीचा मोठा त्रास होऊ शकतो. आत तीन छोटे चेंडू असलेलं श्वास ओढायचं यंत्र दिलं आहे, पण तिचे ओठ नळीवर घट्ट बसत नाहीत. दुसरा काही उपाय?

प्रतिसाद १
ताई, आम्ही भंडाऱ्याचे. माझा मुलगाही बोलत नाही, त्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आम्ही त्याच्या दुखण्याच्या खुणांचं एक पान मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं, एक फाईलला लावलं. मोबाईलवर दोन छोटे व्हिडिओही ठेवले होते, एक खुशीत असतानाचा, एक दुखत असतानाचा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ते स्वतः मागून पाहिले. श्वासासाठी साबणाचे फुगे फुंकायला लावा, पण आत्तापासून. त्या दिवशी नवीन काहीच करत नाहीत ही लेकरं.

प्रतिसाद २
मी वीस वर्षं बालरुग्ण वॉर्डात सिस्टर होते. न बोलणाऱ्या मुलांसाठी ‘फ्लॅक’ नावाची मोजणी असते: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. तुमच्या मुलीला या मोजणीत कमी गुण पडतील, कारण ती रडत नाही. म्हणून तिची सुधारित आवृत्ती मागा. त्यात आईवडिलांनी सांगितलेल्या त्या मुलाच्या स्वतःच्या खुणा लिहायची सोय आहे. भरती व्हाल त्याच दिवशी भरून घ्या.

भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा. स्वच्छ पाणी किती वाजेपर्यंत चालेल (बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत देतात), उपाशी असताना सलाईन कधी सुरू करणार, आणि फिटचा सकाळचा डोस घोटभर पाण्यासोबत द्यायचा का. तो डोस स्वतःच्या मनाने चुकवू नका. आणि डिसेंबरची आपल्याकडची थंडी! सिकलच्या मुलाला गारठा सोसत नाही. टोपी, मोजे घाला आणि ऑपरेशन थिएटरमध्ये अंग गरम ठेवायची काय सोय आहे ते विचारा. अधिवेशनाच्या दिवसांत मोर्च्यांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते वळवतात, रक्तदात्यांना मेट्रोने यायला सांगा.

धागाकर्ती
दोघींचे खूप आभार. फ्लॅकचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. आज साबणाचे फुगे आणले. पहिले चार तिच्या हनुवटीवरच फुटले, पाचवा छतापर्यंत गेला.

पान असं लिहिलं आहे, काही राहिलं असेल तर सांगा:

‘मला बोलता येत नाही, पण सगळं समजतं. सुई टोचण्याआधी मला सांगा. उजव्या हाताला सुई लावली तर चालेल, डावा मोकळा ठेवा, मी त्यानेच सांगते. अंगठा मुठीत दाबला आणि छताकडे बघत राहिले, तर मला खूप दुखतंय. तेव्हा मी शांत नसते. मला गुदगुल्या केल्यावरही हसले नाही, तर आईला लगेच आत बोलवा.’