मदत हवी आहे: बॉल पायथनची (छोट्या पाळीव अजगराची) पहिली मादी कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी, मी ओहायोत असतो. दोन वर्षांपासून एक साध्या रंगाचा बॉल पायथन नर सांभाळतोय, साडेसातशे ग्रॅमचा. उंदीर दिसला की आधी पाण्याच्या भांड्यामागे दडतो, मग झडप!

आता पिल्लं काढायची हौस आलीय. जीव जडलाय पायबाल्ड, म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेल्या मादीवर, पण तो गुण अप्रभावी, आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. माझ्या साध्या नरापासून सगळी पिल्लं नुसती हेट (गुण अंगात, पण न दिसणारी) निघणार, पांढरा पट्टा एकावरही नाही. मग पेस्टल (उजळ पिवळ्या रंगाची) घेऊ? सरासरी निम्मी तरी पेस्टल निघतील. स्पायडर हा रंगप्रकार नकोच, त्यातल्या सापांचं ते डोकं डगमगणं बघवत नाही.

पिल्लू आणून १५०० ग्रॅमची होईपर्यंत तीनेक वर्षं थांबावं, की मोठीच मादी आणावी? मोठी असेल तर विकणारा ती का काढतोय, हे कसं ओळखायचं? बायको म्हणते, आधी फ्रीजरमधले उंदीर आवर.