किल्लुआ झोल्डिक घरातून खरंच सुटला का?

निशाचर:
'हंटर एक्स हंटर'ची २०११ची जपानी अ‍ॅनिमे मालिका दुसऱ्यांदा पाहून संपवली, १४८ भाग. किल्लुआने मारेकऱ्यांचं घर सोडलं असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. हंटर बनण्याच्या परीक्षेत माणूस मारून बाद झाल्यावर हा जेमतेम बारा वर्षांचा पोरगा १६ टनांचं दार ढकलून आपल्या पायांनी घरी परत गेला. साखळदंड एका हिसक्यात तोडता येत असूनही भाऊ मिल्लुकीचे फटके खात लटकत राहिला. मग बाप जवळ बसवून विचारतो, मित्राला भेटायचंय का? अंगठा चावून रक्ताची शपथ होते, मित्रांना दगा द्यायचा नाही. पहिल्यांदा पाहताना मीही डोळे पुसले होते. पण नंतर हाच बाप, सिल्वा, बायकोला सांगतो, येईल तो परत, माझा मुलगा आहे. बापाने परवानगी दिल्यावर पडलेलं पाऊल बंड कसं?

रातराणी:
असहमत. परवानगी दुसऱ्या वेळची. पहिल्यांदा तो आईवर आणि मिल्लुकीवर वार करून पळाला होता.

निशाचर:
आणि आईच्या डोळ्यांत आनंदाश्रू! त्या घरात बंडसुद्धा घराण्याच्या खात्यावर जमा होतं.

भटक्या८८:
सुई विसरलात का? थोरल्या इल्लुमीने धाकट्या भावाच्या, किल्लुआच्या डोक्यात सुई खुपसून ठेवली होती. समोरचा आपल्याहून भारी वाटला की पळ, एवढंच ती सांगायची. किमेरा मुंग्यांच्या प्रकरणात रॅमॉट या राक्षसी मुंगीचा मार खाताना डोक्यात इल्लुमीचाच आवाज, पळ, पळ. पळालो तर मित्र गॉन जाईल हे कळतं तेव्हा तो कपाळात बोटं रुतवून सुई उपसतो. रक्ताने चेहरा भरलेला आणि मन एकदम हलकं. तिथे ना बाप होता ना परवानगी. मी वडिलांचं दुकान नाकारून बाहेर पडलो त्याला नऊ वर्षं झाली. उंबरठा ओलांडायला एक दिवस लागला, डोक्यातला थोरल्या भावाचा आवाज जायला पुढची कित्येक वर्षं. म्हणून तो प्रसंग मला दाराच्या प्रसंगाहून मोठा वाटतो.

निशाचर:
सुईचं मान्य, मी कमी लेखलं. तरी धाकट्या बहिणीच्या, अल्लुकाच्या वेळी तो काय करतो? घरच्यांनी त्या मुलीला खेळण्यांनी भरलेल्या तळघरात कोंडलं, कारण तिच्यात राहणाऱ्या नानिका या गूढ शक्तीची भीती. किल्लुआ तिला सोडवतो खरा, पण इल्लुमीला हटवल्यावर नानिकाला म्हणतो, आता झोप, पुन्हा बाहेर येऊ नकोस. ती रडते. म्हणजे तळघर तेच, फक्त जागा बदलली. झोल्डिक रक्तच बोललं ना शेवटी?

रातराणी:
तुम्ही एक मिनिट आधी थांबलात. त्यानंतर अल्लुका त्याला खडसावते, नानिकाला रडवलंस तर माफ करणार नाही. आणि जगातल्या सगळ्यात भयंकर घराण्याचा वारस नानिकाला परत बोलावून माफी मागतो. सिल्वाने पोराला सोडलं, पण माफी मागितली नाही. इल्लुमीला तर सुईत काही चुकलं असं वाटतही नाही. त्या घरात धाकट्यापुढे 'माझं चुकलं' म्हणणारा मला किल्लुआ सोडून दुसरा कुणी दिसला नाही.

निशाचर:
तो भाग आज रात्री परत बघतो.