लॉगिनसाठी आधी रबरी शिक्का

ऑनलाइन आहे म्हणजे फ्लाइट प्लॅन (उड्डाणाआधी विमानतळ प्राधिकरणाला द्यायचा मार्ग-वेळेचा तपशील) घरबसल्या भरता येईल, असं काहीजण म्हणतात त्यावर. अहो, प्लॅन भरणं ऑनलाइन आहे, त्या साइटचं लॉगिन मिळवणं नाही! माझा एक मित्र जुहूवरून छोटं विमान उडवतो, त्याने सगळं अपलोड केलं तर उत्तर आलं, लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट अर्ज आणा, आता एकट्या माणसाचं कसलं डोंबलाचं लेटरहेड, शेवटी फोर्टात जाऊन रबरी शिक्का करून घेतला तर अर्ज घेणारे साहेब रजेवर. लॉगिननंतरही प्रत्येक उड्डाणाला एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) नंबर आणि हवाई दलाचा एडीसी (हवाई संरक्षण परवानगीचा) नंबर लागतोच. ते पटतं, मुंबईवर कोण घिरट्या घालतंय हे कळायलाच हवं. पण लायसन्स आणि विमानाची नोंदणी सरकारदरबारी असताना शिक्का कशाला? असो, शिक्क्यावर नावाखाली 'प्रोप्रायटर' टाकून घ्या, नुसतं नाव असेल तर अर्ज परत पाठवतात.