दुःखाचं कोडं घालावं का?

शब्दवेडी
डिजिटल आर्टमध्ये एक प्रकार हल्ली बराच दिसतो. वरवर बघितलं तर रंगीत चौकोन नाहीतर आकड्यांची रांग, आणि आत कुठेतरी एखाद्या हत्याकांडाची तारीख, मेलेल्यांची नावं, टिंब-रेघांच्या मोर्स कोडमधलं एखादं वाक्य, वर शीर्षकात श्लेष. ज्याला कळलं त्याला कळलं, बाकीचे पुढे. मला हे पटत नाही. माणसं गेलीत आणि आपण बघणाऱ्याच्या हातात शब्दकोडं देतोय, तो ते सोडवतो, सुटलं की खूश होतो, आणि ती खुशी स्वतःच्या हुशारीची असते. गेलेला माणूस त्या क्षणी त्याच्या मनातही नसतो.

आणि हे आजचं नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकातच ध्वन्यालोक या ग्रंथात बजावलंय की कवीला जमत असलं तरी शृंगारात, त्यातही विरहात, यमकं जुळवत बसू नये, तो प्रमाद. अलंकारासाठी वेगळी खटपट करावी लागली की तो रसाचा राहत नाही असं त्याचं म्हणणं. विरहाला एवढं जपायचं तर प्रत्यक्ष मरणाला किती जपायला हवं?

कासवगती
असहमत. राफाएल लोझानो-हेमर या कलाकाराचं २०१५ चं 'लेव्हल ऑफ कॉन्फिडन्स' घ्या. मेक्सिकोत २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री इग्वालामध्ये आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले. या कामात एक कॅमेरा आणि स्क्रीन आहे, त्यातलं चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर त्या ४३ चेहऱ्यांवर ट्रेन केलंय. तुम्ही समोर उभे राहता, ते तुमचे डोळे, हनुवटी वगैरे ताडून सांगतं की तुम्ही त्यातल्या कोणाशी सर्वात जास्त जुळता आणि किती टक्के. पोलिसांची पाळत ठेवायची मशीन आहे ती, फक्त संशयितांऐवजी हरवलेल्या पोरांना शोधत बसलीय आणि तिला ते कधीच सापडणार नाहीत. कॉन्फिडन्स हा तिथे तांत्रिक शब्द, म्हणजे मशीनला किती टक्के खात्री आहे ते, आणि सरकारवर उरलेला विश्वास पण तोच. हा श्लेष काढून टाकला तर काम अर्धं मरेल. इथे हुशारीची खुशी कुठून येणार, स्वतःच्या चेहऱ्याशेजारी त्या मुलाचा चेहरा बघून पोटात गोळा येतो.

शब्दवेडी
काम मोठं आहे, मान्यच. पण त्यात लपवलंय काय? ४३ फोटो समोर आहेत, घटना सगळ्यांना माहीत आहे. माझा आक्षेप किल्ली खिशात ठेवणाऱ्यांवर आहे.

मधलीओळ
किल्ली खिशात ठेवावी लागते अशीही वेळ येते हो. मार्च २०२० मध्ये चीनच्या एका मासिकात वुहानच्या डॉक्टर बाईंची मुलाखत आली होती, साथीची सूचना आधीच दिली म्हणून वरिष्ठांनी त्यांना कसं दटावलं त्याबद्दल. ती लगेच नेटवरून काढली. मग लोकांनी काय केलं तर तीच मुलाखत इमोजीत लिहिली, मोर्समध्ये लिहिली, उलटी टाइप केली, क्यूआर कोडमध्ये भरली, हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांवरच्या लिपीतसुद्धा. एक पुसली की दुसरी. कोणी कलाकार म्हणून करत नव्हतं, पण मी पाहिलेल्या सांकेतिक कलेत याच्या तोडीचं काही नाही. १९८९ च्या ४ जूनला बीजिंगच्या तिआनानमेन चौकात झालेल्या हत्याकांडाचंही तसंच, ४ जून म्हणता येत नाही म्हणून लोक '३५ मे' म्हणतात. आता ह्यांना तुम्ही यमक जुळवत बसलेत म्हणणार का?

शब्दवेडी
नाही म्हणणार. तिथे सरळ बोललं तर पुसलं जातं, दुसरा रस्ताच नाही, त्यामुळे तो संकेत वेगळी खटपट वाटतच नाही. पण ज्याला सरळ बोलायची पूर्ण मोकळीक आहे त्याने उगाच कोड का करावं? सेन्सॉरखाली दबलेल्या लोकांचं हत्यार उचलून ड्रॉइंग रूममध्ये शोभेला लावल्यासारखं आहे ते.

पिक्सेलवाला
जरा टेक्निकल. फोटोत नावं लपवणारे बरेच जण शेवटचा बिट वापरतात. प्रत्येक रंगाची किंमत ० ते २५५, आठ बिटांत म्हणजे आठ शून्य-एकांत लिहिलेली, त्यातला शेवटचा बदलला तर २०० चं २०१ होतं, डोळ्याला काहीही फरक नाही. असे बिट ओळीने वाचले की मजकूर निघतो. पण तो फोटो व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवा, कॉम्प्रेस होताना ते बिट जातात, चित्र तसंच दिसतं आणि आतली नावं संपली. मी स्वतः करून बघितलंय आणि खरं सांगतो, वाईट वाटलं. शोकाच्या कामात हे मुद्दाम वापरलं तर ते हुशारीच्या फार पुढे जातं, कारण बघणाऱ्यानेच फॉरवर्ड करून ती नावं पुसलेली असतात.

कासवगती
शब्दवेडी, मोकळीक असतानाही लपवण्याला कारण असू शकतं. न्यूयॉर्कचं ९/११ स्मारक २०११ मध्ये खुलं झालं, त्यावर २,९८३ नावं कोरलीत. ती अकारविल्हे नाहीत. नातेवाइकांकडून १,२०० च्या वर विनंत्या आल्या होत्या, हिचं नाव तिच्या मैत्रिणीशेजारी ठेवा, ह्याचं त्याच्या सहकाऱ्याशेजारी. एवढ्या अटी पाळून नावं बसवायला जेर थॉर्प या कलाकाराने अल्गोरिदम लिहिला. तिथे जाणाऱ्याला नुसती नावं दिसतात. कोण कोणाशेजारी का आहे ते घरच्यांना माहीत. लपवलेलं आहे, सेन्सॉर नाही, आणि कोणी सोडवावं अशी अपेक्षा पण नाही.

शब्दवेडी
हे उदाहरण आवडलं, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे नावं ढळढळीत वाचता येतात, लपलंय फक्त खाजगी नातं. माझी मागणी एवढीच की कुठली घटना, कोण गेलं, हे कामाशेजारी लिहा. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलाकाराचा १९९१ चा खायच्या गोड गोळ्यांचा ढीग आहे ना, आदर्श वजन १७५ पौंड, बघणारे एकेक गोळी उचलतात आणि ढीग घटत जातो. एड्सने गेलेल्या जोडीदाराचं ते शरीर आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने त्याच्या पाटीवरून जोडीदार आणि एड्स दोन्ही काढून टाकलं, २०२२ मध्ये त्यावर ओरड झाली तेव्हा पाटी बदलली. मधल्या काळात आलेल्यांनी गोळी खाल्ली आणि गेले. संकेत तसाच होता, माणूस गायब.

मधलीओळ
पाटीबद्दल तुमच्याशी सहमत. पण मग '३५ मे'वाल्यांनी पाटी कुठे लावायची? तुमचा नियम करायचा तर पाटी लावायची सोय असलेल्यांपुरता करा.

कासवगती
आणि पाटीवर घटना लिहा, कोडचं उत्तर नको. गोळ्यांच्या ढिगाशेजारी "वजन म्हणजे शरीर" असं छापलं तर ती गोळी हातात घेताना जे व्हायचं ते होणार नाही, ह्यावर मी ठाम आहे.

शब्दवेडी
मी तेही छापेन. ज्याला पाटी वाचूनही गोळी जड वाटली नाही त्याला न वाचता वाटली असती असं मला नाही वाटत.