ओटीपोटातील धमनीचा फुगवटा: वडिलांसाठी कोणता उपचार योग्य?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांच्या उजव्या अंतर्गत इलियाक धमनीवर (ओटीपोटातील अवयवांना आणि कुल्ल्याला रक्त पुरवणारी धमनी) ४.२ सेंटिमीटरचा फुगवटा असल्याचे सीटी अँजिओग्राफीत आढळले. हृदयाची पंपिंग क्षमता ३० टक्के आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.९ असल्यामुळे पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास डॉक्टर तयार नाहीत. त्यांना काहीच त्रास नाही. मग थांबावे, की स्टेंट बसवावा?

उत्तर (वाशी, भूलतज्ज्ञ):
त्रास नाही, यावर विसंबू नका. ही धमनी इतकी खोल असते की फुगवटा बराच मोठा होईपर्यंत कळतच नाही, आणि फुटल्यास रुग्ण वाचणे कठीण असते. साधारण ३ ते ३.५ सेंटिमीटरच्या पुढे उपचाराचा विचार होतो. काही तज्ज्ञ ४ पर्यंत थांबतात. तुमचे माप त्याही पुढचे आहे. जांघेतून तार घालून फुगवट्यापुढील फांद्या कॉइलने (बारीक धातूच्या वेटोळ्यांनी) बंद करायच्या आणि वरच्या सामाईक इलियाक धमनीपासून पायाकडे जाणाऱ्या बाह्य इलियाकपर्यंत आच्छादित स्टेंट बसवून फुगवट्याचे तोंड झाकायचे, ही पद्धत अनेकदा स्थानिक भुलीतही करता येते, त्यामुळे कमकुवत हृदयावरचा ताण बराच टळतो. मूत्रपिंडासाठी मात्र कॉन्ट्रास्ट (चित्रणासाठी टोचायचे द्रव्य) कमीत कमी वापरता येईल का, कार्बन डायऑक्साइडने चित्रण शक्य आहे का, हे आधीच विचारा.

उत्तर (खारेगाव, कळवा):
माझ्या सासऱ्यांवर हीच प्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी ते घरी आले, पण नंतर मासुंदा तलावाला अर्धी फेरी होताच त्यांचा उजवा कुल्ला भरून येऊ लागला. काही महिन्यांत ते पुष्कळ कमी झाले. तरीही हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते, याची खंत आहे.

उत्तर (वाशी, भूलतज्ज्ञ):
कुल्ल्याकडचा रक्तपुरवठा घटल्याने असे होते. म्हणूनच डावी अंतर्गत इलियाक धमनी मोकळी आहे का, हे पाहणे अत्यावश्यक आहे; दोन्ही बाजू बंद झाल्यास आतड्यालाही धोका संभवतो. उजवी अंतर्गत इलियाक चालू ठेवणारा शाखायुक्त स्टेंटही मिळतो, परंतु फुगवटा याच धमनीवर असल्याने तो टेकायला पुढे निरोगी भाग उरला आहे का, हे सीटीवरूनच ठरेल.

प्रश्नकर्ता:
डावी बाजू मोकळी असल्याचे अहवालात लिहिले आहे. सोमवारी हृदयरोगतज्ज्ञ आणि रक्तवाहिनीतज्ज्ञ यांना एकत्र भेटत आहोत. स्टेंटनंतर फुगवट्यात रक्ताची गळती नाही ना, हे पाहण्यासाठी तपासण्या आयुष्यभर कराव्या लागतात असे कळले; मूत्रपिंडाचा विचार करता त्या डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) भागतील का, हेही विचारीन.