संथपणातच तर मजा आहे

वर कोणीतरी म्हटलंय की या नॉर्डिक (डेन्मार्क-स्वीडनकडच्या) गुन्हे-तपासाच्या सिरीयली फार संथ असतात, एका खुनाला वीस-वीस एपिसोड कशाला. मला तर तेच आवडतं हो! 'द किलिंग'चा (मूळ डॅनिश, २००७, अमेरिकन रिमेक नव्हे) पहिला सीझन बघा, एक एपिसोड म्हणजे तपासाचा एक दिवस, आणि पोलिसांइतकाच वेळ खून झालेल्या मुलीच्या आईबापांना दिलाय. पहिल्याच भागात पाण्यातून गाडी बाहेर काढतायत, बाप तिथे पोचलाय आणि फोन चालूच आहे, पलीकडे आईला फक्त त्याचा आक्रोश ऐकू येतो. मी तिथेच पॉज करून पाच मिनिटं नुसती बसून होते.

पुस्तकांत सुरुवात करायची तर सरळ मार्टिन बेक या पोलीस डिटेक्टिव्हच्या कादंबऱ्यांपासून करा. श्योवाल-वालो या स्वीडिश जोडप्याने १९६५ ते १९७५ मध्ये दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीत, 'रोझाना'त, कालव्यात बाईचं प्रेत सापडतं आणि ती कोण हे कळायलाच कित्येक आठवडे जातात, मग ती ज्या बोटीवर होती तिथल्या टुरिस्टांनी काढलेले फोटो गोळा करून एकेक चेहरा बघत बसायचं. मोबाईल नाही, सीसीटीव्ही नाही, नुसती चिकाटी. आणि बेकला सारखी सर्दी, पोट बिघडलेलं, घरी बायकोशी धड बोलणं नाही, असा माणूस तपास करतो म्हणून तो खरा वाटतो.