‘आत्मघाती विचार’ला साधा मराठी शब्द?

पारिजात:
एका मनोविकार विभागासाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. पेशंटला वॉर्डातून घरी सोडताना नातेवाइकांच्या हातात द्यायचं. घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे, म्हणून हा खटाटोप. आधीच्या अनुवादकाने ‘सुसायडल थॉट्स’चं ‘आत्मघाती विचार’ केलंय. तिथल्या सोशल वर्कर सांगत होत्या, एका मुलाच्या वडिलांनी कागद वाचला आणि विचारलं, “पोरगा काय बॉम्ब घेऊन फिरणार आहे का?” मी ‘आत्महत्येचे विचार’ सुचवलं, तर वरिष्ठांना ते फार थेट वाटतंय. लोक घाबरतील म्हणे, ‘नकारात्मक विचार’ लिहा. ते मला पटत नाही. चौथी-पाचवी शिकलेल्या माणसाला कळेल असं काय लिहावं?

तत्सम:
‘आत्मघात’ जुना आणि निर्दोष शब्द आहे. वर्तमानपत्रांनी ‘आत्मघाती हल्ला’ छापून छापून तो नासवला, त्यात शब्दाचा काय दोष? ‘हत्या’ म्हटलं की गोहत्या, ब्रह्महत्या आणि मागोमाग पाप आलंच. ‘घात’ त्या मानाने सौम्य. ‘आत्मघातप्रवण विचार’ करा, बॉम्बचा घोळ होणार नाही.

माजी_सिस्टर:
‘आत्मघातप्रवण’! दादा, एकदा नाइटला या माझ्याबरोबर.
आम्ही आपसात ओव्हर देताना ‘सुसायडल आहे, लक्ष ठेवा’ एवढंच बोलायचो. पेशंटशी बोलताना त्यातलं काही नाही. आधी विचारायचं, जगणं नकोसं झालंय का? मग, मरण आलं तर बरं असं वाटतं का? मग, आपणच जीव द्यावा असं येतं का मनात? आणि हो म्हणाला तर, काही ठरवलंय का, कधी? पहिल्या प्रश्नाला पुष्कळ जण हो म्हणतात. शेवटच्याला हो म्हणणाऱ्याला एक मिनिट एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवायचं.
आणि तुमच्या वरिष्ठांना सांगा, विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी सरळ विचारलं म्हणून सुटल्यासारखे रडणारे पाहिलेत मी. ‘नकारात्मक विचार’ काय, ते तर परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनाच येतात.

कोरडवाहू:
सिस्टर, ‘मरण आलं तर बरं’ आमच्या गावात प्रत्येक म्हातारी म्हणते. ‘देवा, उचल रे बाबा’ म्हटल्याशिवाय तिची सकाळ होत नाही. तिलाही वॉर्डात न्यायचं का?

माजी_सिस्टर:
वॉर्डात नका नेऊ, पण ‘म्हातारी म्हणतेच’ म्हणून सोडूनही देऊ नका. जेवण तुटलंय का, झोप उडालीय का, पाटल्या-बांगड्या सुनांना वाटून टाकायला लागलीय का, हे कोण बघणार?

गिरगावकर:
विषयाला जरा फाटा. आमच्या चाळीत शेजारी गुजराती कुटुंब होतं. एकदा बेन रडत रडत आईला म्हणाल्या, “एणे आपघात कर्यो.” आई बिचारी विचारत बसली, ट्रकवाल्याला पकडलं का? गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या, आप म्हणजे स्वतः! माझा तर्क असा की आपला ‘अपघात’सुद्धा मूळचा हाच असणार आणि घराण्याची अब्रू झाकायला लोकांनी त्याचा अर्थ फिरवला. पोलीस आजही आधी ‘आकस्मिक मृत्यू’चीच नोंद करतात, बघा.

तत्सम:
तर्क ऐकायला छान, पण चूक. मराठी ‘अपघात’मध्ये ‘अप’ हा संस्कृत उपसर्ग आहे, गुजरातीतला ‘आप’ वेगळा. ‘आत्म’पासून प्राकृत ‘अप्प’ आणि त्यातून आलेला. आणि पोलिसांची नोंद ही कायद्याची रीत आहे, अब्रूशी तिचा काय संबंध?
बाकी ‘आत्महन’ ईशोपनिषदातही आहे, ‘ये के चात्महनो जनाः’. शंकराचार्य तिथे जीव देणारा असा अर्थ घेतच नाहीत, आत्म्याला न ओळखणारा अज्ञानी असा घेतात. म्हणजे ‘हन्’ धातू आला की रक्त सांडलंच पाहिजे असं नाही.

माजी_सिस्टर:
मग मघाशी ‘हत्या’ला नाकं का मुरडलीत?

न्यूजर्सीकर:
इकडे ‘कमिट’ हे क्रियापद टाळतात, गुन्ह्याचा वास येतो म्हणून. मराठीतही ‘आत्महत्या केली’ सोडून ‘आत्महत्येने मृत्यू झाला’ लिहावं का?

पारिजात:
इंग्रजीतलं दुखणं इंग्रजीतच राहू द्या हो. आपण आंघोळ करतो, लग्न करतो, स्वयंपाक करतो. ‘करणे’ला कसला आलाय गुन्ह्याचा वास? मला जास्त खटकतं ते बातम्यांमधलं ‘मृत्यूला कवटाळले’ आणि ‘जीवनयात्रा संपवली’. जणू तीर्थयात्राच. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या, भडक किंवा गौरवाची भाषा नको म्हणून. कोण वाचतंय! ‘आत्महत्येचा अयशस्वी प्रयत्न’ही तसाच. वाचलेल्या माणसाला नापास करायचं?

फुकटचा_सल्ला:
गुन्ह्यावरून आठवलं. पत्रकात पोलिसांची भीती जाईल असं एखादं वाक्य नक्की टाका. नातेवाईक केस होईल म्हणून लपवतात आणि दवाखाना लांबतो. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं कलम 309 आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये रद्दबातल ठरवलं होतं. अर्जदार मुंबईचा एक पोलीस शिपाई, रस्त्यावरच्या अपघातानंतर मानसिक आजार जडलेला. पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. मग 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आला. त्याच्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही आणि उपचाराची जबाबदारी सरकारची. 1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत 309 उरलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी प्रयत्न केला तर त्याला मात्र वेगळं कलम 226 आहे.

कोरडवाहू:
कायदा झाला, आता पत्रक. ‘औषधं वेळेवर द्या’ असं काही आहे का त्यात?

पारिजात:
आहे ना. ‘औषधे नियमित द्यावीत’ आणि दोन ओळी खाली ‘औषधे रुग्णाच्या हाती लागू देऊ नयेत’.

कोरडवाहू:
मेलो! आमच्याकडे ‘त्यानं औषध घेतलं’ असा निरोप आला की माणसं हातातलं टाकून गाडी काढतात. फवारणीचं औषध तेही औषधच. दवाखान्याच्या औषधाला म्हणतात गोळ्या. तेव्हा ‘गोळ्या घरच्या माणसाने आपल्या ताब्यात ठेवाव्या, रोजच्या रोज द्याव्या’ असं लिहा. आणि ‘फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात ठेवू नका, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या’ ही ओळ वेगळी आणि ठळक. श्रीलंकेत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली तर आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. झटका ओसरेपर्यंत वस्तू हाताशी नसली की पुष्कळ माणसं वाचतात. ‘आत्मघात’ की ‘आत्महत्या’ यापेक्षा हे आधी बघा.

पारिजात:
हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. सध्या असं केलंय: ‘जीव द्यावासा वाटतो, जगून काय उपयोग, असं पेशंट बोलत असेल तर एकटं सोडू नका. लगेच डॉक्टरांना कळवा किंवा सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला 14416 वर दिवसा-रात्री कधीही फोन करा.’ पण मथळा अजून रिकामाच आहे. तिथे वाक्य बसत नाही, नामच लागतं.

तत्सम:
म्हणून तर म्हणत होतो, बोलीत नामं मिळत नाहीत! आणि ‘पेशंट’ कशाला, ‘रुग्ण’ लिहा.

माजी_सिस्टर:
‘रुग्ण’ लिहा, पण ‘मनोरुग्ण’ नको हं. तो कागद शेजारच्यांनी वाचला की संपलं.

गिरगावकर:
‘अप्प’चा मुद्दा मला अजून पटलेला नाही. आणि ‘फवारणी’ कुठला शब्द?

तत्सम:
अरबी ‘फव्वारा’. शुद्ध हवा असेल तर ‘तुषारसिंचन’ म्हणा.

कोरडवाहू:
साहेब, तुषारसिंचन म्हणजे स्प्रिंकलर. माझी त्याची सबसिडी अजून यायचीय.